कापसाच्या खोलीतलं आठवं गाणं

रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी करुणा सोमकुंवर बोरगावात, कापसात गुडघाभर रुतून, माइकपुढे गात होत्या. पंखा बंद. जानेवारी असूनही घाम.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिकेत त्या कराच्या खिडकीवर बसतात आणि विहारातल्या मंडळात भीमगीतं गातात. दोन्हीकडे आवाज लांबवर पोचावा लागतो. आता शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचा पहिला अल्बम होतो आहे. मराठी गाणी, ढंग जॅझचा, ठेका ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा. यात गिटार सावकाश झुलते आणि गाणारी शेजारणीशी बोलावं इतक्याच आवाजात गाते. हे खूळ भाच्याचं. विशाल नागपुरात रेकॉर्डिंगची कामं करतो. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. भिंतींलगत छतापर्यंत कापूस चढलेल्या खोलीत घुमत नाही. म्हणून बोरगावचे शेतकरी भगवंतराव ढोबळे यांची ही खोली.

सात गाणी झाली होती. आठवं पांढुर्ण्याची शेवटची बस चुकलेल्या, आणि त्याचं फारसं वाईट न वाटलेल्या बाईचं. ते आजच व्हायला हवं होतं. उद्या कापूस मंडीत जाणार होता.

अडचण कोरसची होती. पुष्पा आणि चंद्रकला शेतमजुरी करतात, विहारात करुणाबाईंच्या मागे गातात. तिथली रीत अशी की पुढचीनं ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची, टाळीसकट. इथे दोघींनी फक्त ‘ऊ’ म्हणायचं होतं. ‘ऊ’ व्हायचा, ओळ संपायची, आणि दोघी ती कडाडून उचलायच्या.

‘‘पुष्पाकाकू, काऊन?’’ विशालनं हेडफोन काढला.

‘‘करुणाबाईनं ओळ टाकली अन् आपण मुक्यावानी बसाचं? बरं दिसते का?’’

दारात बसलेल्या भगवंतरावांना वेगळीच काळजी होती. ‘‘करुणाबाई, तब्येत बरी नाई का? आवाज निंगूनच नाई राहिला.’’

‘‘काकाजी, हे असंच गातात,’’ विशाल म्हणाला.

‘‘मंग माइक कायले आणला?’’

पुन्हा घेतलं. पुन्हा टाळी. बाहेर ऊन उतरायला लागलं. विशाल म्हणाला, कोरस काढून टाकू. चंद्रकला उठून पदर झटकायला लागली. करुणाबाईंनी तिला खाली बसवलं.

‘‘त्या नाई तर मी बी नाई. उचलू दे त्याईले ओळ. पण बायांनो, घरात लेकरू निजलं हाय असं उचला.’’

‘‘अन् टाळी?’’ पुष्पानं विचारलं. ‘‘हात थांबत नाई ना वं.’’

करुणाबाईंनी वाकून दोघींच्या ओंजळी कापसानं भरल्या. ‘‘आता वाजवा.’’

फप. फप. विशालनं हेडफोन परत चढवला आणि बोटानंच ‘चालू द्या’ अशी खूण केली. ड्रमवर ब्रश फिरवल्यासारखा तो आवाज आधीच रेकॉर्ड केलेल्या गिटारच्या ठेक्यात बसला होता. करुणाबाई हळू गायल्या, मागच्या दोघींनी ओळ त्याहून हळू उचलली. गाणं शेवटपर्यंत गेलं.

‘‘झालं,’’ विशाल म्हणाला.

‘‘झालं असन तर हातातला कापूस ढिगात टाका,’’ भगवंतराव म्हणाले, ‘‘अन् साडीले चिकटलेला बी.’’

‘‘तोलून घेता का आमाले?’’ चंद्रकलानं विचारलं. सगळ्यात मोठ्यानं भगवंतरावच हसले.

मेटाडोर सोमवारी सकाळी सातला दाराशी लागेल. कापूस भरायच्या मजुरीवर पुष्पा आणि चंद्रकला दोघी आहेत.