सांध्याची फुशारकी

“माझं मला कळतं,” हे लोहाराचं कायमचं पालुपद. लोखंड किती तापलं हे त्याला रंगावरून कळायचं, एवढं खरं. बाकी काय कळायचं, ते त्याच्या बायकोला विचारावं.

छातीत कळ आली तेव्हा पित्त म्हणून तो तसाच घण मारत राहिला. पुढे पाय सुजले, उशांचा ढीग रचल्याशिवाय झोप येईना, तेव्हा बायकोनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदय दाखवलं. “हा भाग हलतच नाही. मागच्या झटक्यात इथला स्नायू मेला, तिथं वण धरलाय. सगळा भार उरलेल्यावर. म्हणून हा कप्पा ताणून ताणून फुग्यासारखा गोल झालाय. गोळ्या चुकवू नका. आणि घण बंद.”

लोहार हसला. “बाई, सांधलेली जागा मूळ लोखंडापेक्षा पक्की असते!”

“तुमच्या लोखंडाला रात्रंदिवस आवळावं-सुटावं लागत नाही.”

पण ऐकतो कोण? भट्टीवर येईल त्याला हा छाती ठोकून सांगायचा, “आत सांधा बसलाय, आता मोडायचा नाही.” रिकामटेकडे माना डोलवायचे. सारखं लघवीला पळवतात म्हणून गोळ्या कोनाड्यात धूळ खात पडल्या.

“सांधा बसवला कुणी? तुम्ही आत हात घातला होतात?” बायको फणकारायची.

गोदामाच्या मोठ्या फाटकाचं काम आलं. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, घण मी मारतो. तू चिमटा धर.”

“चिमटा धरायला मी म्हातारा झालो काय?”

“कारागीर चिमटाच धरतो,” बायको दारातून म्हणाली. “घणाला अक्कल लागत नाही, म्हणून तो तुम्हाला आवडतो.”

त्यानं इरेला पेटून घण उचलला. थोडे घाव पडले, मग घण हातातून सुटला. तो ऐरणीशेजारी मटकन बसला. ओठ काळेनिळे, श्वास भात्यासारखा. बऱ्याच वेळानं, भिंतीला धरून तो उठला.

“खिळे संपलेत. आणतो,” असं पुटपुटून त्यानं सदरा चढवला आणि कोनाड्यातल्या गोळ्या गुपचूप खिशात टाकल्या. खिळ्यांचं दुकान डावीकडे होतं. तो उजवीकडे, दवाखान्याच्या रस्त्याला वळला.

भाऊ मागे धावणार, तोच वहिनीनं त्याचा दंड धरला.

“नका जाऊ भाऊजी. तुम्ही दिसलात तर ते भराभर चालतील.”

दर चार पावलांवर तो थांबायचा आणि कुणाच्या तरी फाटकाची बिजागरी निरखल्याचं सोंग करायचा. दोघं दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.