मुक्तानं नापास झालेला पेपर आज तोंडी सोडवला

मंडळी, दुपारपासून आनंद मनात मावत नाहीये.

माझी धाकटी बहीण मुक्ता सहावीत आहे. तिला समजतं सगळं, पण वाचताना आणि लिहिताना ती अडते. मी नववीत शाळा सोडली, तरी माझं शुद्धलेखन पक्कं. म्हणून तिचा चुकलेला प्रत्येक शब्द मी तिला वीस वेळा लिहायला लावायचो. मग डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नाही, अध्ययन अक्षमता आहे. फार लाज वाटली.

आज मुक्तासोबत कोथरूडला तिच्या शाळेत परीक्षेतल्या सवलतीसाठी अर्ज घेऊन गेलो. चार वेळा नव्यानं लिहिलेला. तिला विज्ञान शिकवणाऱ्या वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "अहो, सवलती दहावीला. सहावीतच कशाला लाड?"

तरी मी बोललो, "बाई, आपण फक्त प्रश्न वाचून दाखवा. तिला आलं नाही, तर अर्ज परत नेतो."

बाईंनी ती नापास झालेला विज्ञानाचा पेपर काढला. दहापैकी नऊ उत्तरं मुक्तानं धडाधड सांगितली. दहाव्याला म्हणाली, "बाई, हे तुम्ही शिकवलंच नाही!"

"जीभ बरी चालते हिची," बाई हसल्या आणि अर्जावर सही केली. यापुढे प्रश्न वाचून दाखवणार, वेळही जास्त देणार.

घरी आल्यावर वीस-वीस ओळींच्या त्या वह्या मी रद्दीत टाकल्या. तुमच्या घरात आहे का अशी एखादी वही?