हिरोचं काम कोणाला

प्रश्न साधा होता. माझ्या जावेला तिसरं मूल होऊ द्यायचं नव्हतं. ती सिकलसेलची पेशंट. पहिल्या बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं, दुसऱ्यात ती हातची जाता जाता राहिली. मुलगा होता, मुलगी होती. आता ऑपरेशनच्या टेबलावर नवऱ्यानं जायचं की बायकोनं, एवढंच ठरायचं होतं.

मी उपकेंद्रात नर्स. असली उत्तरं देण्याचाच मला पगार मिळायचा. बाईचं पोट उघडावं लागतं. पुरुषाचं काम बारीक छिद्रातून, टाका न घालता होतं आणि तो संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येतो. त्यात ही बाई अशी, की थंडी वाजली तरी हाडं ठणकून अंथरूण धरायची. तांबी बसवली तर पाळीत रक्त फार जाई, गोळ्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली. उरला माझा दीर. दोन ओळींत संपावी अशी गोष्ट.

ती संपली नाही, कारण आमच्या घरात नाटक होतं.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या अंगाला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या खात्यात कपाटांपासून खुर्च्यांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली होती. या गोष्टीच्या वेळी त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात आणि रात्री नाटक होतं. मोठ्या गावांत वडश्याच्या नाटक कंपन्या येतात. आमच्याकडे अजून गावातलीच माणसं काम करत, फक्त बायकांची कामं करायला बाहेरून नट्या बोलवत. माझा नवरा राईस मिलमध्ये मशीनवर होता आणि लग्नाच्या आधीपासून गावच्या नाटक मंडळाचा हिरो होता. त्याचा आवाज माईक बंद पडला तरी शेवटच्या ताडपत्रीपर्यंत जाई. दीर त्याच नाटकांत व्हिलनच्या मागे लाठी घेऊन उभा राहायचा.

या नाटकांची मी कधी टिंगल केली नाही. मी पवनीत वाढले, नाटकं पाहूनच वाढले. पण पाहताना मला हिशेब ठेवायची खोड. हिरो गोणा उचलतो, सावकाराच्या पोराला आपटतो, बहिणीसाठी रडतो आणि तिसऱ्या अंकात छाती ठोकून आपण कोणाची औलाद आहोत ते सांगतो. त्याला ताप येत नाही. आजारी पडलाच तर थेट मरतो. सिनेमात त्याच्यावर एकच ऑपरेशन होतं, गोळी काढण्याचं. सुरी विस्तवावर तापवतात, तो दातात फडकं धरतो, आणि पुढच्या गाण्यात घोड्यावर असतो. माझ्याकडे धनुर्वाताच्या सुईला घामाघूम होणारे गडी येत, ते असले सिनेमे दोनदोनदा पाहून आलेले असत.

साकोलीच्या वाचनालयातून मी कादंबऱ्या आणायचे. तिथली भाषा शुद्ध, माणूस तोच. रुंद खांदे, पिळदार दंड, बोलणं कमी. बाई त्याच्याकडे एकदा पाहते आणि दोन पानांनी तिला दिवस जातात. इतक्या वक्तशीर गर्भधारणा मला सबंध नोकरीत दिसल्या नाहीत. तिच्या पोटात मूल राहिलं की लेखकाचं त्या पुरुषाबद्दलचं म्हणणं सिद्ध होतं; मग बाळंतपण एका ओळीत उरकतात. आणि ज्याला मूल होत नाही किंवा ज्याचं ऑपरेशन झालं आहे, तो कादंबरीत खिडकीपाशी खोकत बसलेला नवरा असतो, नाटकात कॉमेडियन. त्याचा आवाज बारीक होतो, तो कमरेवर घागर घेतो, बायको त्याला बेलन घेऊन मारते. पब्लिक पोट धरून हसतं.

हे सगळं नाटकातच राहिलं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं. मी गावातल्या पुरुषांना चित्र काढून नळी कुठं असते ते दाखवायचे. ते मला मागच्या मंडईतला प्रवेश सांगायचे.

"बाई, त्या नाटकात त्याचा आवाज बारीक झालता ना."

"अरे, ते नाटक होतं."

"मंग काय झालं? कोणाले तरी पाहूनच लेहलं असन ना."

माझ्या नवऱ्यानं मात्र ऐकलं होतं. आमच्या दुसऱ्या मुलानंतर मी म्हटलं, त्यानं हो म्हटलं, आणि भंडाऱ्याला जाऊन आम्ही ते उरकून आलो. चौथ्या दिवशी तो मिलमध्ये पोती उचलत होता. त्यानंतरच्या दोन मंडयांत त्यानं हिरो केला, छाती ठोकली, टाळ्या घेतल्या. काही बदललं नव्हतं. गावात माहीत नव्हतं, बस.

जावेची गोष्ट आली तेव्हा त्यानंच भावाला जवळ बसवून सांगितलं. "मी करून आलो. मले काई झालं का? तिच्या जिवापेक्षा हे जास्त आहे का बाबू?" दीर हो म्हणाला. दसऱ्यानंतरची तारीख ठरली. जाऊ त्या दिवशी माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही, नुसती माझ्या घरातली भांडी घासून गेली. तिचं आभार मानणं असंच असे.

दिराला बहुतेक आपल्या हो म्हणण्याचा अभिमान वाटला. त्यात वाईट काही नव्हतं. त्यानं तो पानठेल्यावर बोलून दाखवला. दादानं नसबंदी केली, आता मी करतो.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाचे तिघं आमच्या आंगणात येऊन बसले. अध्यक्ष, डायरेक्टर, म्हणजे शाळेतले मास्तर, आणि वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याच्या हातून मार खाणारा व्हिलन, त्याचा बालमित्र. मी चहा ठेवला.

"यंदा तुमी कॉमेडी करा, भाऊ," डायरेक्टर बशीत चहा ओतत म्हणाले.

"काहून? माहा आवाज बसला का?"

"आवाज कायले बसते गा."

"मंग?"

डायरेक्टरांनी बशी तोंडाला लावली. शेवटी व्हिलन म्हणाला, "आवाज आहे ना. बाकी सामान भंडाऱ्याले जमा करून आला तू."

अध्यक्ष हसले, माझ्याकडे पाहून थांबले. "मजाक करून राहिला तो, बाई. मनावर नका घेऊ."

डायरेक्टर हसले नाहीत. ते खरंच अडचणीत होते. "हे पाहा, माह्या मनात काई नाही. मी शिकलेला माणूस आहो. पण तिसऱ्या अंकात तुमी म्हणसान, मी मर्दाची औलाद, आन खालून एक पोट्टा ओरडन. एक ओरडला का हजार हासतीन. तो सीन पडला का नाटक पडते."

"मले दोन लेकरं आहेत," माझा नवरा म्हणाला.

"आहेत ना. पण पब्लिकले ते थोडीच आठवते? पब्लिकले आयकलेलं आठवते." मग त्यांनी बशी खाली ठेवली. "आन काम घराबाहेर नाही जात. धाकल्याले देतो हिरो. शरीर आहे त्याले."

दीर गोठ्याच्या दारात उभा होता, हातात तणसाचा भारा. त्यानं मान खाली घातली. पण खाली घालायच्या आधी त्याचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं लाठी घेऊन मागे उभा राहिलेला माणूस तो.

माझा नवरा "बरं" म्हणाला. एवढंच.

मला आजही त्या डायरेक्टरचा राग नीट करता येत नाही. तो पब्लिक ओळखत होता. पब्लिक त्याच्यासारख्यांनीच घडवलं होतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याच्या आधीच्यांनी त्याला तसंच घडवलं होतं. तिघं चहा पिऊन, कप उलटे ठेवून गेले.

तारीख जवळ आली तशी मी दिराला गाठलं.

"भाऊजी, बुधवारी भंडाऱ्याले जायचं आहे. लक्षात आहे ना?"

"मंडई होऊ द्या, वहिनी."

"मंडईचा काय संबंध?"

"तुमाले नाही समजत."

"मले नाही समजत त कोणाले समजते? माहा हाच धंदा आहे."

"मंग दादाले काहून कॉमेडी देल्ली?"



मी नवऱ्याकडे गेले. त्याचं म्हणणं भाऊ ऐकायचा, एकदा ऐकलं होतं. तो मागच्या आंगणात कमरेवर रिकामी घागर घेऊन बाईसारखं चालायची तालीम करत होता. आमची दोन्ही मुलं टाळ्या पिटून हसत होती. तो चांगला नट होता. कंबर कुठं मोडायची, घागर कुठं डचमळवायची, सगळं बरोबर. मी मुलांना आत पाठवलं आणि त्याला म्हटलं, तू सांग त्याला. त्यानं घागर खाली ठेवली, ओठावरचा घाम पुसला.

"राहू दे त्याले."

"राहू दे म्हणजे? तिचं काय?"

"एक त हिरो राहू दे घरात."

एवढी वर्षं मी गावाला सांगत आले होते की या ऑपरेशनानं पुरुषाचं काही जात नाही. त्या संध्याकाळपर्यंत ते मला खरं वाटत होतं.

बुधवार गेला. मग जाऊ स्वतःच म्हणाली, "ताई, होऊन जाऊ द्या माहंच. मले काय होते?" मी तिला कुटुंब नियोजनाच्या शिबिराला घेऊन गेले, कारण नेलं नसतं तर ती एकटी गेली असती. सर्जननं रिपोर्ट पाहिला आणि तिला टेबलावर घ्यायला साफ नकार दिला. नवऱ्याला आणा, म्हणाला. आम्ही दुपारच्या एसटीनं परत आलो. शिबिराच्या मंडपात पुरुषांची रांग वेगळी आखली होती, चुन्यानं; तिच्यात एक कुत्रं झोपलं होतं.

मंडई जोरात झाली. दिरानं छाती ठोकली, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. माझा नवरा घागर घेऊन आला तेव्हा खालून नाव घेऊन ओरडले, आणि त्यानं ते ओरडणंच उचलून असं काही उत्तर दिलं की मंडप दणाणला. लोक म्हणाले, असा कॉमेडियन या भागात झाला नाही. आजूबाजूच्या गावांनी प्रयोग ठरवले. दीर मिशा वाढवू लागला. पुन्हा तारीख काढली की एखादा प्रयोग आडवा येई. मी निरोधची पाकिटं देत होते. ती घरातल्या मुलांनी फुगवलेली मला दिसली.

जावेनं मला सांगितलं तेव्हा चौथा महिना लागला होता. चुलीपाशी बसून, लाकूड सारत सांगितलं. लवकर कळतं तर काही करता आलं असतं. आता तिच्या अंगात तेवढं रक्त नाही म्हणून डॉक्टर हात लावेनात.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"ते म्हणत होते, सांगू नको, वहिनी पोट मोकळं करून टाकतीन. आन त्याइच्या दोस्ताइले सांगून झालं होतं."

पानठेल्याला माझ्या आधी माहीत होतं. तिथं दिराच्या खांद्यावर थापा पडल्या होत्या. याले म्हणतात हिरो. एक मुलगा, एक मुलगी पदरात असताना या माणसाला तिसऱ्या मुलाची गरज नव्हती, हौस नव्हती; ते मूल फक्त तो कॉमेडियन नसल्याचा पुरावा होतं.

पुढचे महिने मी तपशिलानं लिहीत नाही. ती मेली नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी त्याची वाट पाहत वाचू नये. पाय ठणकले की ती चादरीचं टोक चावून पडायची. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला किती बाटल्या लागल्या ते मोजणं मीही सोडून दिलं. दीर वॉर्डाच्या दारापर्यंत आला, बाटलीकडे पाहवेना म्हणून खाली टपरीवर जाऊन बसला आणि तिथं रडला. खरंच रडला, तो वाईट माणूस नव्हता. मुलगी झाली, मुठीएवढी. तीही जगली. जाऊ मात्र पुन्हा उभी राहिली नाही तशी. भिंत धरून चालू लागली, दर काही आठवड्यांनी रक्त घ्यायला जाऊ लागली.

पुढच्या सालच्या मंडईत डायरेक्टरनं नवं नाटक लिहिलं होतं. त्यात हिरोची बायको बाळंतपणात मरते. माझा दीर तिचं डोकं मांडीवर घेऊन बोलू लागला. लांबलचक भाषण होतं. तू नाहीस तर ही छाती काय कामाची, ही मर्दानगी काय कामाची, असं काहीतरी, आणि तो ते मनापासून बोलत होता. आवाज फुटत होता. मंडपात सूं सूं सुरू झालं. प्रवेश मध्येच थांबवून अध्यक्षांनी माईकवर बक्षिसं जाहीर केली, हे गाव, ते गाव, अमक्या पाहुण्यांकडून. दीर मेलेल्या बायकोला मांडीवरून न हलवता प्रत्येक नावाला हात जोडत होता.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. शेजारी जाऊ, अंगावर दोन शाली, मांडीवर पोर. तिचे डोळे पिवळे दिसत होते आणि ती पदर तोंडात धरून रडत होती.

"पाहा ना ताई," ती म्हणाली, "किती जीव आहे त्याचा बायकोवर."

मी हो म्हटलं. सकाळच्या एसटीनं तिला भंडाऱ्याला रक्त चढवायला न्यायचं होतं. सोबत मी जाणार होते, आणि बाटलीच्या बदल्यात रक्त द्यायला माझा नवरा; तो तिथूनच रात्रीच्या प्रयोगाला जाणार होता. हिरोचा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात प्रयोग होता.