बोट न दाखवणाऱ्या बाई

त्या रविवारी भर गल्लीत बोट दाखवून मी मोठ्यानं विचारलं, "हेच ना ते घर?" आणि मोबाइलवर फोटोही काढला. चूक माझीच.

जुन्या शहरात निजामाच्या रझाकारांनी कुठं माणसं मारली आणि १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर कुठं मुसलमान मारले गेले, ते बाई दर रविवारी आम्हाला पायी फिरवत सांगतात. दोन्हींबद्दल आवाज सारखाच हळू. घर मात्र कधीच दाखवत नाहीत. आदल्या दिवशी दारोदार जाऊन विचारतात, "उद्या माणसं आणू का?" कुणी नाय म्हटलं, की ती गल्ली सोडून देतात.

माझा प्रश्न ऐकून दारातली म्हातारी उठली. "बाई, अब लोगां कू नक्को लाओ."

बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "चुकलं माझं, अम्मा," म्हणत त्यांनी हात जोडले. गल्लीबाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "दादा, तिथं माणसं राहतात."

पुढच्या रविवारी ती गल्ली वगळली गेली. मग मी एकटाच त्या दारी गेलो आणि म्हातारीसमोर तो फोटो पुसला.

"अम्मा, बोट मी दाखवलं होतं. बाईंची काहीच चूक नव्हती. मला माफ करा."