बाळ आजोळी गेलंय

शेजारचा रमेश लस द्यायला आलेल्या नर्सबाईंना दारातूनच म्हणाला, “बाळ आजोळी गेलंय, बाई.” अंगणातल्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती, अजून ओलीच.

ते वाक्य माझंच होतं. पहिल्या लसीनं आमच्या छकुलीला ताप आला, कळवळली बिचारी. म्हणून दुसऱ्या लसीच्या वेळी मीही दारात हेच सांगितलं. आत पाळणा हलत होता. खोटं मायेपोटीच सुचतं, म्हणून तर ते खोटं वाटत नाही. पुढे डांग्या खोकला झाला. खोकून खोकून छकुली निळी पडायची. चार महिन्यांची असतानाच देवाघरी गेली. लस चुकवली त्या दिवशी शेतावरून आलेल्या बायकोला मी म्हटलं होतं, नर्सबाई आल्याच नाहीत.

आज मात्र ओट्यावरून उठलो आणि रमेशच्या दारात गेलो. “रमेश, ताप एका दिवसाचा असतो रे,” म्हणालो, आणि नर्सबाईंसमोर सगळं सांगून टाकलं. त्याची बायको बाळाला घेऊन बाहेर आली. सुई टोचली, तसं ते मोकळ्या श्वासानं रडलं.

वळलो, तर आमच्या दारात ही उभी. सगळं ऐकलेली. माझ्याकडे न बघता पुढे गेली आणि बाळाच्या मांडीवरचा कापसाचा बोळा तिनं अलगद दाबून धरला.