बोलावलं तरी यायचं नाही

आमच्या वाचनालयातल्या बालविभागाच्या बाई एकवीस वर्षं वसंतातल्या सुट्टीत आठवडाभर मुलांना खोड्या शिकवत होत्या. हो, खोड्याच. बाकीच्या जगात सुट्टीत हस्तकला आणि सुंदर अक्षर चालतं. आमच्याकडे साखरेच्या बरणीत मीठ आणि जमिनीला चिकटवलेलं नाणं. डिंक माझा असायचा. मी मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं बांधतो, म्हणून मुलं मला डिंककाका म्हणतात. एरवी माझं डोकं पटकन तापतं, पण त्या आठवड्यात मी गुपचूप डिंक द्यायचो.

बाईंचे नियम कडक. कुणाला लागेल, कुणी रडेल ती खोडी बाद. प्रत्येक खोडी आधी बाईंवर करून बघायची. आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाईंनाच फसवायचं. मग बाई छातीवर हात ठेवून "अगं आई गं" करत खुर्चीत अशा कोसळायच्या की मुलं हसून लोळायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ फोन करायचा तो कामापुरता. घरी त्यांच्याशी हसायला कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. बालविभागात मुलं येत नाहीत असं कळतं. साहेब स्वतः बघायला येतील, दहा मुलंसुद्धा दिसली नाहीत तर त्या खोलीत जुनी कपाटं ठेवण्यात येतील. बाईंनी दारोदार फिरून चौदा मुलं जमवली. साहेब शेवटच्या दिवशी दुपारी तीनला येणार होते. बाईंनी मला चारदा सांगितलं, तीनला हं.

आदल्या दिवशी त्यांनी मुलांना लपायला शिकवलं. श्वास हळू कसा घ्यायचा, पाय आत कसे ओढायचे. वर बजावलं, "मी हाका मारीन. पुरे झालं, खरंच या, असंही म्हणेन. रडवेला आवाज काढीन. बोलावलं तरी यायचं नाही."

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला मुलं माझ्याकडेच आली. काका, आम्हाला लपवा. मला काय, हुरूपच आला. काहींना टेबलाखाली कोंबलं, काहींना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे. कडी लावली आणि पुठ्ठा कापत बसलो.

थोड्या वेळाने बाईंच्या हाका ऐकू आल्या. मग माझं दार वाजलं. "मुलं तुमच्याकडे आहेत का हो? साहेब आत्ताच आलेत. पुरे झालं रे, खरंच या." आवाज कापत होता. टेबलाखालून एकीने डोकं बाहेर काढलं. मी ओठांवर बोट ठेवून तिला डोळा मारला. काय सोंग आणतात बाई, असं मनात म्हटलं आणि आतूनच सांगितलं, "इथे कुणी नाही."

पावलं अंगणाकडे पळाली. पाच-दहा मिनिटांनी सहज खिडकीतून बघितलं, तर बगलेत फाईल धरलेला एक माणूस फाटकाकडे निघाला होता आणि बाई हात जोडून त्याच्या मागे चालत होत्या. म्हणजे सोंग नव्हतं, साहेब खरंच आला होता. त्याला तीनला दुसरीकडे काम निघालं होतं, म्हणून मेला सकाळीच उगवला होता.

मी काही बोलायच्या आत मुलं कडी काढून धावली. फसवलं, फसवलं! बाई नुकत्याच पायऱ्या चढून आल्या होत्या. त्यांनी त्या चौदा तोंडांकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि "अगं आई गं" करत खुर्चीत कोसळल्या. इतक्या झकास त्या कधीच पडल्या नव्हत्या.

सगळ्यात धाकट्याने विचारलं, "बाई, खरं वाटलं ना?"

"खरं वाटलं रे," बाई म्हणाल्या. "अगदी खरं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन भांडलो. चूक माझी, मुलं माझ्या खोलीत होती, असं सांगितलं. साहेब म्हणाले, मला तर एकही दिसलं नाही. महिन्याभरात कपाटं आली आणि बाईंची बदली लांबच्या दफ्तरखान्यात झाली. जाताना त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मुलांना कळू देऊ नका."

यंदा सुट्टी लागल्यावर त्यातली तिघं आली. बाई कुठायत, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, लपल्यात.

त्यांनी त्या खोलीतली कपाटं एकेक करून उघडायला घेतली. मला त्यांना थांबवता आलं नाही.