अकरा माणसं, अकरा खुर्च्या

“हे ऑफिस आहे की शिंप्याचं दुकान? आधी खाली उतरा माझ्या टेबलावरून!”

साहेब केबिनच्या दारात उभे राहून ओरडत होते, आणि त्या आवाजानं अंधेरीच्या आमच्या औद्योगिक वसाहतीतले चार गाळ्यांपलीकडचे पत्रे थरथरत होते. उतरायचं होतं ते आमच्या हेडक्लार्कना. ते साहेबांच्या टेबलावर पाय सोडून बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गेटाजवळच्या दुकानातले टेलर मास्तर त्यांच्या पोटरीला टेप लावून “सोळा” म्हणत होते आणि मी ते वहीत लिहीत होतो. बाकीची टेबलं हेडक्लार्कच्या वजनाला घाबरायची, म्हणून साहेबांचं घेतलं होतं.

“मेल्या, लवकर आटप,” हेडक्लार्क मला म्हणाले. ते मालवणचे. “ही टेप गुदगुल्यो करता.”

“साहेब, दोनच मिनिटं,” मी म्हणालो. “यांच्यानंतर तुमचाच नंबर आहे.”

हे सगळं सुरू झालं टायपिस्ट बाईंच्या पाठीवरून. आम्ही पंपांचे सुटे भाग विकणारी अकरा माणसं, आणि ऑफिसात खुर्च्या एकाच साच्यातल्या: लाकडी, हातांच्या, वेताची बैठक मधोमध खड्ड्यात गेलेली. मी सहा फूट तीन इंच. माझे गुडघे टेबलाच्या खणावर खालून असे आदळायचे की कुलूप लावलेला खणसुद्धा आपोआप उघडायचा. हेडक्लार्क एकदा खुर्चीत बसले की संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून आणि तिसऱ्यानं खुर्ची ओढून सोडवावं लागायचं. पण आम्ही पुरुष बोंबलून मोकळे व्हायचो. बाई जेमतेम साडेचार फुटांच्या. दोन टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर बसायच्या, पायांखाली पंपाचं खोकं उपडं घालायच्या आणि एक अक्षर न बोलता दिवसभर टाइप करायच्या.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. राजीनामा. मुलुंडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, खुर्ची बदला नाहीतर टायपिंग सोडा. आणि त्यांच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर चालायचं ते बाईंच्या दहा बोटांवर.

“महिनाअखेरपर्यंत बघते,” त्या म्हणाल्या. “नाही सोसलं तर पहिल्या तारखेला देते.”

मी त्याच पावली साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब भला माणूस, फक्त घाईचा. “नव्या खुर्च्या ना? घेऊ की. मी एका दुकानात बसून पाहिलीय, झकास आहे. तसल्याच अकरा मागवून टाकतो.”

“साहेब, तुमच्या मापाचा शर्ट अकरा जणांना चालेल का?”

“म्हणजे?”

इथे मी सुटलो. सांगितलं की आमच्या देवगडच्या चुलत्यांचा धंदाच हा, माणूस नुसता उंबऱ्यात उभा राहिला की ते त्याच्या बैठकीचं माप बोलायचे आणि होडीतली फळी त्या मापानं कापायचे. त्यांच्या फळीवर बसलेल्या खलाशाची पाठ सत्तरीपर्यंत दुखली नाही. चुलते पोस्टात होते. पण पुढे जे सांगितलं ते खरं होतं, कारण माझ्या पाठीनं पंधरा वर्षं त्याचा अभ्यास केला होता. बैठकीची उंची जमिनीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत हवी, तळवे टेकले पाहिजेत. बैठक इतकीच खोल की तिची कड आणि पोटरी यांच्यात चार बोटं मावतील. खुर्चीचे हात कोपराच्या रेषेत. पाठीचा फुगवटा कमरेच्या खळगीत, खांद्यांत नव्हे. लांब पायांच्या माणसाची खुर्ची वेगळी, लांब धडाच्याची वेगळी.

“मग करा तुम्हीच,” साहेब म्हणाले. घाटकोपरला लोखंडी पाइपांच्या खुर्च्या बनवणारा एक मिस्त्री मी गाठून ठेवला होता. मापं आणा, हव्या तशा वाकवून देतो, म्हणाला होता.

माप म्हटलं की टेलर. एवढंच आपल्याला ठाऊक. मास्तरांना आधी काही कळेना. ते सगळ्यांना ताठ उभं करून छाती मोजायला लागले. त्यांना बसलेल्या माणसाचं माप शिकवण्यात माझा अर्धा दिवस गेला. बाईंची पाळी आली तेव्हा त्या टेबलाच्या कडेला अंग चोरून बसल्या, चपला पायांत, गुडघे जुळवलेले, पदर सावरलेला. एखाद्या शाळेच्या ग्रुप फोटोत बसावं तशा. मास्तर लांबूनच टेप धरून “साडेतेरा” म्हणाले. मी लिहिलं.

आणि साहेब? ओरडून झाल्यावर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि मास्तरांना आत बोलावलं. पोट आत ओढून माप दिलं, त्यामुळे त्यांची खुर्ची पुढे दोन इंच अरुंद झाली. तो माझा दोष नव्हे.

खुर्च्या टेम्पोतून आल्या त्या दिवशी आमच्या ऑफिसात सण होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे खडूनं माणसाचा हुद्दा लिहिलेला. हेडक्लार्क बसले आणि मऊसूत आवाजात “आई गं” म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते कुणावर डाफरले नाहीत. माझी खुर्ची इतकी उंच की आकाश स्वच्छ असलं तर मला बसल्या जागी ट्रॉम्बे दिसायचं. बाईंची खुर्ची तर माझा कळस होता. इवलीशी, नेमकी, दोन्ही बाजूंनी हात कोपरांना भिडलेले. शिवाय नुसती खुर्ची खाली आणली तर टाइप करताना बाईंचे हात वर जातील हे ओळखून त्यांच्या टेबलाचे पायही मी कापून घेतले होते. साहेब म्हणाले, “तुम्ही उगाच आलात पंपांच्या धंद्यात.” मी नम्रपणे मान्य केलं.

आठवडा गेला. बाईंची पाठदुखी थांबली नाही, उलट आता दुपारनंतर त्या टाइप करता करता डोळे मिटायच्या.

“बाई, खुर्ची चुकलीय का?”

“नाही हो. छान आहे. अगदी मापाची आहे.”

महिना संपायला तीन दिवस. मी हार मानणारा नव्हे; माझी मापं चुकणं शक्य नव्हतं, तेव्हा काहीतरी दुसरंच असणार. त्या दुपारी माझी पेन्सिल पडली, म्हणजे मी पाडली, आणि ती उचलायला मी गुडघ्यांवर बसून बाईंच्या टेबलाखाली पाहिलं.

टेबलाखाली चपला होत्या. पाय नव्हते.

एकमेकींना लावून ठेवलेल्या दोन चपला, आणि वर खुर्चीत बाईंचा एक पाय घडी घालून खाली दाबलेला, दुसरा हाताच्या पाइपला अडकून तिरका. म्हणजे त्या मांडी घालून बसू पाहत होत्या आणि माझी नेमकी, कोपरांना भिडणारी खुर्ची त्यांना बसू देत नव्हती. जुन्या खुर्चीत निदान एक पाय नीट दुमडता येत असणार. सगळं अंग एका कुशीला कलंडलेलं. पाठ दुखेल नाहीतर काय करेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई यायच्या आत त्यांची खुर्ची रिक्षात घातली आणि घाटकोपर गाठलं. माझे पाय आणि खुर्चीचे पाय, दोन्ही रिक्षाच्या बाहेर. मिस्त्रीला म्हटलं, “हात काप. बैठक दीडपट रुंद कर. पाठीचा फुगवटा आहे तिथेच ठेव, उंचीला हात लावू नकोस.”

“ही खुर्ची आहे की पाट?”

“दोन्ही. कर तू.”

दुपारी खुर्ची परत जागेवर. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ऑफिसभर एकदा नजर फिरवली. आम्ही दहाही जण एकदम कामात बुडालो, साहेबसुद्धा केबिनच्या काचेआड कागद उलटा धरून वाचत होते. चपला खाली उतरल्याचा आवाज आला, एक आणि दोन. मग टाइपरायटर सुरू झाला, आणि असा सुरू झाला की दोन गाळे पलीकडचा माणूस विचारायला आला, तुमच्याकडे मशीन नवीन घेतलंत का.

पहिली तारीख आली. मी सकाळपासून त्यांच्या पर्सवर नजर ठेवून होतो. चारच्या सुमारास त्यांनी तो राजीनाम्याचा कागद काढला, त्याची मागची कोरी बाजू मशीनमध्ये घातली आणि कुठल्याशा पत्राचा कच्चा मसुदा त्यावर टाइप करायला घेतला.

आता मला राहवेना. जवळ जाऊन विचारलं, “बाई, इतकी वर्षं तुम्हाला मांडी घालून बसायचं होतं, मग माप घेताना सांगितलं का नाहीत?”

त्यांनी ओळ पूर्ण केली, मशीनचा दांडा सरकवला.

“तुम्ही पायाचं माप मागितलंत. बसते कशी ते विचारलं नाहीत.”